नॉर्थ पेथर्टनच्या राजवनाचे दोन चॉसर

सैनिक, राजदूत आणि राजाच्या राखीव वनाचा अधिकारी, असे तिहेरी वर्णन करून त्यापुढे नुसते ‘चॉसर’ एवढेच आडनाव लिहिले, तर माणूस कोणता हे ठरत नाही. कारण चौदाव्या शतकातील इंग्रज कवी जेफ्री चॉसर आणि त्याचा मुलगा टॉमस चॉसर या दोघांनाही ते वर्णन लागू पडते. दोघांचाही फ्रान्सबरोबरच्या युद्धाशी संबंध आला, दोघांनीही राजाच्या वतीने परदेशात बोलणी केली, आणि इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील नॉर्थ पेथर्टनच्या वनाचे काम आधी बापाकडे व पुढे मुलाकडे आले.

यातील ‘वन’ या शब्दाने मराठी वाचकाची आणखी एक फसगत होते. वनपाल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दाट झाडी आणि खाकी गणवेश येतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजवन म्हणजे राजाच्या शिकारीसाठी वेगळ्या कायद्याखाली ठेवलेला मुलूख, आणि त्यात शेते, माळ, दलदल, वस्त्या असे सगळे असू शकत होते. हरणे आणि त्यांना आसरा देणारी हिरवळ या दोहोंना त्या कायद्याचे संरक्षण होते. 1217 च्या वनसनदेने हरीण मारल्याबद्दल जीव घेण्याची किंवा हातपाय तोडण्याची शिक्षा बंद केली, तरी दंड आणि कैद कायम राहिली. त्यामुळे वनाच्या अधिकाऱ्याला झाडे मोजण्यापेक्षा हिशेब, हक्क आणि तंटे यांतच अधिक लक्ष घालावे लागे, आणि म्हणूनच हे पद दरबारी कारकुनी जाणणाऱ्या माणसाला शोभणारे होते.

जेफ्री हा लंडनमधील एका मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. तिसऱ्या एडवर्डच्या 1359 च्या स्वारीत तो फ्रान्समध्ये पकडला गेला आणि त्याच्या सुटकेच्या खंडणीसाठी राजाने 1360 मध्ये 16 पौंड दिले. 1372-73 मध्ये तो जिनोव्हा व फ्लॉरेन्सला गेला, 1378 मध्ये मिलानच्या बेर्नाबो व्हिस्कोंतीकडे. मधल्या काळात, 1374 पासून, लंडन बंदरातील लोकरीच्या जकातीवर तो नियंत्रक होता. 1389 मध्ये राजाच्या बांधकामांचा कारभार त्याच्याकडे आला. पुढच्याच वर्षी वाटेत लुटारूंनी त्याला गाठले आणि 1391 मध्ये त्याने ते काम सोडले. नॉर्थ पेथर्टनचे उपवनाधिकारीपद त्याच सुमाराचे. ‘उप’ हे अक्षर इथे महत्त्वाचे, कारण वनाचा मूळ हक्क मॉर्टिमर या बड्या घराण्याचा होता आणि जेफ्री त्यांच्या वतीने काम पाहणारा माणूस होता.

टॉमसची पायरी वेगळी. त्याने मॉड बर्गर्श या वारसदार मुलीशी लग्न केले आणि त्यातून ऑक्सफर्डशरमधील यूएल्मची जहागीर त्याच्याकडे आली. राजाच्या मद्यभांडाराचा तो मुख्य अधिकारी होता. वनाचे काम हे त्याच्या अनेक पदांपैकी एक. 1415 च्या अझँकूरच्या मोहिमेसाठी त्याने 12 चिलखतधारी लढवय्ये आणि 37 तिरंदाज दिले, म्हणजे बाप ज्या युद्धात कैदी झाला त्यात मुलगा पथक पुरवणारा सरदार होता. 1414 मध्ये पाचव्या हेन्रीच्या लग्नासंबंधी बर्गंडीशी झालेल्या बोलण्यांत त्याचा सहभाग होता. शिवाय तो पाच वेळा इंग्लंडच्या संसदेतील कॉमन्स सभागृहाचा सभापती झाला, आणि 1411 मध्ये आपल्याला नव्या चालीरीती नकोत, असे चौथ्या हेन्रीने त्याला बजावले होते.

आज जेफ्री इंग्रजी काव्याचा जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहे आणि टॉमसचे नाव अभ्यासकांपुरते उरले आहे. त्यांच्या काळातील कागद मात्र उलटे बोलतात. जेफ्रीसंबंधीच्या सुमारे पाचशे सरकारी नोंदींपैकी एकीतही तो कवी असल्याचा उल्लेख नाही. माझ्या मते दोघांची गल्लत होण्याचे हेच कारण आहे: कविता बाजूला काढली, की दप्तरात उरतात ती फक्त पदे, आणि पदे सारखीच दिसतात.

दोघांना वेगळे करायचे तर ढालचिन्हे, म्हणजे घराण्याची ओळख सांगणारी ढालीवरची चित्रे, पाहावीत. गंमत म्हणजे अशाच एका गल्लतीच्या खटल्यात जेफ्रीने स्वतः साक्ष दिली होती. निळ्या ढालीवरील तिरप्या सोनेरी पट्ट्यावर स्क्रोप आणि ग्रोव्हनर ही दोन घराणी हक्क सांगत होती. 1386 च्या साक्षीत त्याने सांगितले, की लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला ते चिन्ह टांगलेले दिसले. ते स्क्रोपचे समजून त्याने चौकशी केली, तर ते ग्रोव्हनरचे असल्याचे उत्तर मिळाले.

टॉमस 1434 मध्ये वारला. यूएल्मच्या चर्चमधील त्याच्या थडग्यावर ढालींची रांगच आहे, पण त्याने मिरवली ती आईच्या रोए घराण्याची चाके. आईची बहीण कॅथरीन स्विनफर्ड ही गाँटच्या जॉन या राजपुत्राची आधी प्रेयसी व नंतर पत्नी, तेव्हा त्या चाकांचे वजन चॉसर नावापेक्षा अधिक होते. या चाकांवरून टॉमस हा त्या राजपुत्राचाच मुलगा असावा, अशी कुजबुजही पुढे झाली. ऑक्सफर्डचा समकालीन धर्मपंडित टॉमस गॅस्कोइन मात्र त्याला जेफ्रीचाच मुलगा म्हणतो. आणि 1409 च्या एका दस्तऐवजावर टॉमसने जी मुद्रा उमटवली, तिच्या कडेने कोरलेले नाव जेफ्री चॉसर असे आहे.