वृक्षोद्यान, पुणे

वृक्षोद्यान, पुणे : निरनिराळ्या जातींचे वृक्ष जतनासाठी, अभ्यासासाठी आणि लोकांना पाहता यावेत म्हणून एका आवारात वाढवलेली जागा. झाडे माणूस निवडून लावतो. पक्षी, वटवाघळे, कीटक, बुरशी आणि नेचे मात्र आपणहून येतात, आणि त्यांना यायला अनेक दशके लागतात. पुण्यातल्या जुन्या उद्यानांचे खरे मोल या वयात आहे.

यांपैकी लोकांना सर्वाधिक परिचित आहे ते रेसकोर्सजवळचे सुमारे ३९ एकरांचे एम्प्रेस गार्डन. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ते सांभाळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला तिथे गर्दी लोटते, पण पाहण्यासारखे आहेत ते वर्षभर उभे असणारे जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या गारंबीसारख्या महावेली. गारंबीची शेंग हातभरापेक्षाही लांब वाढते. गणेशखिंडीतले वनस्पती उद्यान १८७३ चे. आंब्याच्या जुन्या वाणांसाठी ते ओळखले जाते आणि २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शेजारचे ४११ एकरांचे विद्यापीठाचे आवार पूर्वी मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होते. तिथलीही झाडी जुनी आहे.

जुन्या झाडाची ढोली म्हणजे अनेकांचे घर. तांबट मऊ, वाळक्या फांदीत स्वतः बीळ कोरतो. पोपट, साळुंकी आणि पिंगळा बहुधा आयत्या पोकळीत शिरतात. राखी धनेशाला तर मोठीच ढोली लागते. विणीच्या काळात मादी आत बसते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. पिल्ले वाढेपर्यंत नर त्या फटीतून फळे आणि किडे भरवतो. एवढी ढोली तयार व्हायला झाड कित्येक वर्षे उभे असावे लागते. म्हणून वाळलेली प्रत्येक फांदी ‘धोकादायक’ ठरवून छाटणे चुकीचे आहे. पायवाटेपासून दूर असलेली फांदी राहू द्यावी.

धनेशाचे पोट मुख्यतः वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर चालते. या प्रत्येक जातीचे परागण साधारणपणे तिची स्वतःची चिमुकली गांधीलमाशी करते, आणि त्या माशीची वाढही त्याच फळाच्या पोटात होते. सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे इतर फळे संपलेली असतानाही एखादा वड किंवा उंबर पिकलेला सापडतो. अशा झाडाखाली अर्धा तास शांत बसले की तांबट, हरियाल, कोकीळ, बुलबुल आणि खारी यांची ये-जा दिसते. अंधार पडल्यावर वटवाघळे येतात.

परदेशी वृक्षांचे काय? आफ्रिकेतल्या गोरखचिंचेची फुले संध्याकाळी उमलतात आणि फळाहारी वटवाघळे त्यांच्याकडे येतात, म्हणजे पाहुण्या झाडाचाही उपयोग होतो. पण फुलपाखराच्या अळीला ठरावीक झाडाचाच पाला लागतो. कॉमन इमिग्रंट हे फुलपाखरू बहाव्यावर अंडी घालते, गुलमोहराने त्याचे भागत नाही. नव्या लागवडीत देशी जातींना अग्रक्रम हवा तो यासाठी. झाडाखालचा पालापाचोळाही जाळू नये. गोगलगाई, गोमा, वाळवी आणि त्यांना टिपणारे पक्षी त्यावर जगतात.

वृक्षोद्यान टेकडीची जागा मात्र घेऊ शकत नाही. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे इथल्या टेकड्यांची मूळ वनराई विरळ, पानगळीची, मधूनमधून गवताळ आहे. वनीकरणाच्या नावाखाली तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची एकसुरी दाटी झाली. चंडोल आणि लावे जमिनीवर घरटी करतात. त्यांना सावली नको, उघडे गवत हवे.