क्राइस्टचर्च आवाहन

दहशतवादी व हिंसक अतिरेकी मजकुराचा इंटरनेटवरील प्रसार रोखण्यासाठी सरकारे आणि तंत्रज्ञान कंपन्यांनी स्वेच्छेने स्वीकारलेला जाहीरनामा. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न व फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ यांच्या पुढाकाराने तो १५ मे २०१९ रोजी पॅरिस येथे मांडण्यात आला. भारताने तो आरंभीच स्वीकारला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कारण देऊन दूर राहिलेली अमेरिका २०२१ मध्ये सामील झाली. या जाहीरनाम्याला कायद्याचे बळ नाही.

या आवाहनाला निमित्त ठरलेल्या, १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींवरील हल्ल्यांत ५१ जणांचा बळी गेला. हल्लेखोराने पहिल्या हल्ल्याचे फेसबुकवरून सुमारे १७ मिनिटे थेट प्रक्षेपण केले. ते थेट पाहणारे २०० हून कमी होते; मात्र पुढील २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक अपलोड होतानाच अडवल्या गेल्या.

उरलेल्या प्रती निसटल्या, त्याचे कारण ‘हॅश’ या ओळखपद्धतीच्या मर्यादेत आहे. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला आकडा; तो आधी नोंदलेल्या आकड्याशी जुळला की प्रत ओळखली जाते. साध्या हॅशमध्ये फाइलचा एक बिट (माहितीचा सर्वांत लहान घटक) बदलला तरी आकडा पूर्णपणे बदलतो. दृश्याच्या रूपावरून काढलेला हॅश किरकोळ बदल सोसतो. पण पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेली, कापलेली वा चौकट घातलेली प्रत त्यालाही चकवू शकते. या चित्रफितीची ८०० हून अधिक वेगळी दिसणारी रूपे आढळली. कंपन्यांच्या ‘दहशतवादविरोधी जागतिक इंटरनेट मंचा’कडे (स्थापना २०१७) सामायिक हॅशसाठा आहे; त्यात नोंद नसलेली नवी चित्रफीत मात्र या पद्धतीने ओळखता येत नाही.

माणूस अतिरेकाकडे वळतो कसा, याबद्दल मतभेद आहेत. शिफारस करणारे अल्गोरिदम प्रेक्षकाला पायरीपायरीने टोकाच्या मजकुराकडे नेतात, असे एक मत. नंतरच्या काही अभ्यासांत असा मजकूर मुख्यतः आधीपासून त्याकडे ओढा असलेलेच पाहतात, असे दिसले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि न्यूझीलंडच्या शाही चौकशी आयोगाने (२०२०) हल्लेखोराच्या बाबतीत यूट्यूबला माहितीचा व प्रेरणेचा महत्त्वाचा स्रोत ठरवले. या वळणाआधीच माणसाला सावरण्यापेक्षा मजकूर हटवण्याच्या कामालाच आवाहनात अधिक गती मिळाली, ही त्यातील खरी उणीव होय.

भारतात असा मजकूर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९अ खाली रोखता येतो. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेत सामील होण्यासाठी इराकला गेल्यानंतर महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने कुटुंबीय व धर्मगुरूंच्या साहाय्याने तरुणांच्या समुपदेशनाचा मार्गही अवलंबिला.