जखम भरणे आणि आहार

जखम भरणे म्हणजे नवे ऊतक बांधणे. रक्त गोठणे, दाह, नव्या ऊतकाची वाढ आणि व्रणाची फेरबांधणी या चारही टप्प्यांत प्रथिने खर्ची पडतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, नव्या रक्तवाहिन्या आणि जखमेला ताकद देणारे कोलॅजेन ही सगळी त्यांचीच बांधणी. शिवाय सतत पाझरणाऱ्या जखमेच्या स्रावातूनही प्रथिने वाहून जातात.

निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम) झालेल्या कुपोषित प्रौढाला १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे ६० किलो वजनाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने आणि १८०० ते २१०० किलोकॅलरी. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे पाहता एवढी मात्रा एक-दोन जेवणांत बसत नाही. ती दिवसभरात चार-पाच वेळा विभागून द्यावी.

सर्रास होणारी चूक म्हणजे प्रथिनांची पावडर सुरू करायची, पण एकूण जेवण तुटपुंजेच ठेवायचे. ऊर्जा अपुरी पडली की शरीर प्रथिनेच जाळते, स्नायू झिजतात आणि जखम तशीच राहते. पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ पोटभर मिळाले, तरच प्रथिने बांधणीला उरतात.

क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचे तिपेडी धागे पक्के होत नाहीत. म्हणूनच स्कर्व्हीत जुने, भरलेले व्रणही पुन्हा उघडतात. जस्त पेशींच्या विभाजनाला लागते, पण कमतरता नसताना त्याच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत. जादा जस्तामुळे तांब्याचे शोषण घटते आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना जोडणारे विकर तांब्यावरच चालते.

रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पातळीवरून पोषण जोखणे फसवे ठरते. दाह असला की ती खाण्यापिण्याशी संबंध नसतानाही उतरते. त्यापेक्षा वजन पाहावे: नकळत महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण. मात्र अंगावर सूज असेल तर ही घट झाकली जाते.

मधुमेहात आहार वाढवताना रक्तशर्करा आटोक्यात ठेवावी लागते, कारण ती चढली की पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. डायलिसिस सुरू असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांची गरज वेगळी असते.