सेल्फ-एस्टीम वेगळं, सेल्फ-कम्पॅशन वेगळं, अन् मोत्याला दोन्ही माहीत नाही

लातुरात नीटचा निकाल लागला की रील्सवर हे दोन शब्द लोकं एकाच अर्थानं फेकायलेत, "स्वतःवर प्रेम करा" म्हणून. दोन्हीत स्वतःबद्दल बरंच वाटतं, त्यामुळं गल्लत होते. पण बरं कशामुळं वाटतं, खरी गोम तिथं आहे.

सेल्फ-एस्टीम म्हणजे आपणच आपली लावलेली किंमत. ७२० पैकी ६५० आले, क्लासच्या बॅनरवर फोटो लागला, मामानं पेढे वाटले की ती वर जाते, अन् ४१० आले की धाडकन खाली. किंमत लागतेच माणसाला, त्यात वाईट काही नाही, पण जेव्हा तिची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच ती गायब.

सेल्फ-कम्पॅशनमध्ये किंमत लावायचा धंदाच नाही. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, हरणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं, आणि दुखतंय ते न दाबता न फुगवता आहे तेवढंच बघणं. तिसरा भाग लई लोकं गाळतात, मग उरतं नुसतं रडगाणं.

आता कुत्रं. चाकूर तालुक्यातल्या जानवळच्या कारवान जातीच्या कुत्र्यांची किंमत उंची बघून, पळणं बघून ठरते, पण ती ठरवतो माणूस. कुत्रं मालकाची ठरवत नाही. ४१० वालं पोरगं रूम सोडून, गादी गुंडाळून एसटीतून उतरलं तरी घरचं कुत्रं, आपला मोत्या, शेपटी तेवढीच हलवणार. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की कुत्रं अन् मालक बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळीकीशी जोडलेलं हार्मोन, वाढतं (दोघांची लघवी तपासली त्यांनी, हौस बघा).

पण माझं म्हणणं, मोत्याची माया घ्या, तिची कॉपी मारू नका. तो तुम्हाला माफ करत नसतो, चूक झाली हेच त्याला कळलेलं नसतं. तुम्हाला कळलेलं असतं की बायोलॉजीचे सोपे प्रश्न गेले, मायनस मार्किंगनं खाल्लं, रात्री दोनपर्यंत मोबाईल हातात होता. म्हणून मोत्या तुमच्याशी कसा वागतो त्यापेक्षा तुम्ही मोत्याशी कसे वागता ते बघा. त्याला गोचीड झाले तर "शेजारच्या कुत्र्याला नाहीत, तुलाच कामून झाले" असं कोणी सुनावत बसत नाही, अन् "जाऊ दे, खेळायलाय ना" म्हणून सोडूनही देत नाही. दवाखान्यात नेता, केकाटला तरी धरून ठेवता, वरून डोक्यावर हात फिरवत राहता. हे स्वतःशी केलं की झालं सेल्फ-कम्पॅशन.

"एवढी माया केली तर लेकरू ढिलं पडंल की," असं आईबापांना वाटतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ब्राइन्स आणि चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगात उलटं निघालं. अवघड टेस्टमध्ये आपटलेल्या काही विद्यार्थ्यांना स्वतःशी मायेनं वागायला सांगितलं, काहींना "इथं ॲडमिशन मिळालंय म्हणजे हुशारच आहात" म्हणून फुगवलं. पुढच्या टेस्टचा अभ्यास पहिल्यांनीच जास्त वेळ केला.

अन् एवढं करूनही झोप लागंना, जेवण जाईना, जगणं नको वाटायलं, तर मोत्यावर भागवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.