विदारण की क्षरण?

मराठीत दोन्हींना सर्रास ‘झीज’ म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. विदारणात खडक जागच्या जागी फुटतो, सडतो, भुसभुशीत होतो. क्षरणात तो माल उचलून दुसरीकडे नेला जातो, म्हणून त्याला नदी, वारा, हिमनदी, लाट असा कुणीतरी वाहक लागतो.

पृथ्वीवर दोन्ही एकाच उतारावर, एकाच वेळी चालतात. भेगेतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडक फोडतं. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं; ते ग्रॅनाइटमधल्या दोन मुख्य खनिजांपैकी फेल्डस्पारची चिकणमाती करतं, क्वार्ट्‌झ जवळपास तसाच उरतो. ग्रॅनाइट सडला की वाळू मिळते ती यामुळे. इथवर विदारण. तीच वाळू ओढ्याने पुढे नेली, की क्षरण.

सगळ्यात जास्त फसगत गोल धोंड्यांत होते. गोल दिसला म्हणजे नदीने आणला, असं नाही. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट सांध्यांलगत, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांलगत, सडतो तेव्हा कोपऱ्यांवर एकदम दोन-तीन बाजूंनी मारा होतो, कोपरे आधी झडतात आणि आत गोल गाभा राहतो. भोवती कांद्यासारखे पापुद्रे, मधे त्याच खडकाचा मुरूम, सगळे धोंडे एकाच जातीचे, तर ते विदारण. पृष्ठभाग गुळगुळीत, जाती मिसळलेल्या, फटींत वाळू, तर नदी. सुट्या एका धोंड्यावरून ठरवू नये. कापलेली दरड पूर्ण पाहावी.

चंद्रावर मात्र ही जोडी फुटते. सूक्ष्म उल्कांचा मारा खडकाचा चुरा करत राहतो. तिथल्या ‘सागरां’वर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळपट मैदानांवर, हा थर साधारण ४ ते ५ मीटर जाड आहे. पण न्यायला वारा-पाणी नाही. आघाताने उडाला किंवा उतारावरून घसरला, तेवढाच चुरा हलतो. त्यामुळे पाण्याने थर रचलेला गाळाचा खडक तिथे नाही. खडक झिजून गाळ आणि गाळाचा पुन्हा खडक, या खडकचक्राचा तो टप्पाच गळतो.

मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी, तरी वारा धूळ आणि वाळू हलवतो. २०१२ मध्ये नासाच्या क्युरिऑसिटी या फिरत्या यानाला मंगळावरच्या गेल विवरात वाळूत घट्ट बसलेले गोलसर खडे दिसले, काही ४० मिलिमीटरपर्यंतचे. एवढे खडे वाऱ्याला उचलत नाहीत, म्हणून वाहक पाणीच ठरलं.