बर्लिन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा: नाव एक, वाद्यवृंद दोन

एखाद्या ध्वनिमुद्रणाखाली ‘बर्लिन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा’ एवढंच लिहिलं असेल, तर त्यातून शहर कळतं, वाजवणारे कोण ते कळत नाही. या नावाखाली दोन वेगळे वाद्यवृंद मोडतात. 1956 पासून 1993 पर्यंत ते एकाच शहरात एकाच वेळी वाजवत होते आणि त्यातली 28 वर्षं त्यांच्यामध्ये भिंत उभी होती. तरीही पश्चिमेकडच्या वाद्यवृंदाचा संचालक फ्रिचाई याची ध्वनिमुद्रणं पूर्व जर्मनीच्या खात्यात आणि पूर्वेकडच्या र्‍योग्नरची पश्चिमेचा वाद्यवृंद उभारणाऱ्या अमेरिकनांच्या खात्यात टाकलेली मी वर्षानुवर्षं वाचतो आहे. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर तर दोघांचं मिळून एकच पान असतं.

कारायानचा बर्लिन फिलहार्मोनिक तुम्हाला माहीत आहेच. तो 1882 चा, आणि रेडिओच्या मालकीचा कधीच नव्हता. श्टाट्सकापेले हा ऑपेराचा वाद्यवृंद. हे दोन्ही बाजूला ठेवू, कारण खरी गफलत तिथे होत नाही.

गफलत भाषांतरात आहे. जर्मनमध्ये रेडिओला दोन शब्द आहेत: ‘रुंडफुंक’ हा घरचा आणि ‘राडिओ’ हा बाहेरून आलेला. आपल्याकडे ‘नभोवाणी’ आणि ‘रेडिओ’ आहेत, तसेच. समजा मुंबईत ‘नभोवाणी वाद्यवृंद’ आणि ‘रेडिओ वाद्यवृंद’ अशा दोन स्वतंत्र संस्था असत्या आणि परदेशातल्या कंपनीने दोन्ही नावांचं भाषांतर एकच करून टाकलं असतं, तर जे झालं असतं ते बर्लिनचं झालं. पूर्वेकडचा होता ‘रुंडफुंक-झिन्फोनीऑर्केस्टर बर्लिन’ आणि पश्चिमेकडचा ‘राडिओ-झ्युम्फोनी-ऑर्केस्टर बर्लिन’. जर्मन वेष्टणावर पहिला शब्द वाचला की प्रश्न सुटतो. तो शब्द लहान वाटत असेल, तर सिंफनीचं स्पेलिंग बघा: पूर्वेचा वाद्यवृंद ते ‘एफ’ने लिहितो, पश्चिमेचा ‘पीएच’ने. इंग्रजी वेष्टणावर हा फरक पुसला जातो, म्हणून मी शक्य तिथे जर्मन वेष्टणाचंच छायाचित्र शोधतो.

दुसरी चूक नावाहून खोल आहे. पश्चिमेचा वाद्यवृंद मूळचा आणि पूर्वेचा जर्मनीच्या फाळणीनंतर सरकारने उभा केलेला, असं बरेच जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात नेमकं उलट आहे.

29 ऑक्टोबर 1923 च्या संध्याकाळी पोट्सडामर श्ट्रासेवरच्या फॉक्स-हाउसमधून जर्मनीतलं नियमित रेडिओ प्रसारण सुरू झालं. रुंडफुंक वाद्यवृंद आपला जन्म त्या दिवसापासून मोजतो. 1932 ते 1934 या काळात ऑयगेन योखुम त्याचे प्रमुख होते. 1931 मध्ये माझूरेनअलेवर हान्स पोल्त्सिशने आखलेली नभोवाणीची मोठी इमारत उघडली आणि बर्लिन रेडिओचा कारभार तिथे गेला. महायुद्ध चालू असताना 1944 च्या सुमारास पियानोवादक गीझेकिंग आणि संचालक आर्टुर रोटर यांनी बर्लिन रेडिओच्या वाद्यवृंदासोबत बीथोव्हनचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो चक्क स्टिरिओत मुद्रित केला. ती टेप आजही ऐकता येते. तिच्या वाद्यवृंदाला कुणी पश्चिमेच्या यादीत बसवलं की मला राग येतो, कारण तेव्हा दुसरा वाद्यवृंद जन्मलाच नव्हता.

तो जन्मला 1946 मध्ये, आणि त्याचं कारण ही माझूरेनअलेवरची इमारतच. युद्ध संपताना ती सोव्हिएत सैन्याच्या हाती पडली. शहराची वाटणी झाल्यावर ती ब्रिटिश विभागात आली, पण आतलं नभोवाणी केंद्र पुढची काही वर्षं सोव्हिएत नियंत्रणाखालीच राहिलं. अमेरिकनांच्या विभागात स्वतःचं केंद्र नव्हतं, म्हणून त्यांनी ‘रिआस’ नावाचं नभोवाणी केंद्र काढलं आणि त्याला जोडून वाद्यवृंद उभा केला. जुना वाद्यवृंद जुन्या केंद्राबरोबर राहिला आणि ते केंद्र पूर्वेकडे गेलं, तसा तोही गेला. 1950 च्या दशकात नालेपाश्ट्रासेवर फ्रान्झ एर्लिशने आखलेलं नवं संकुल उभं राहिलं. त्याचे स्टुडिओ आजही आवाजासाठी नावाजले जातात.

पश्चिमेच्या वाद्यवृंदाचं नाव बदलत गेलं ते पैशामुळे. 1953 मध्ये अमेरिकनांनी त्याचा खर्च थांबवला. वादकांनी संस्था टिकवली. पश्चिम बर्लिनचं नवं केंद्र खर्चात सहभागी झालं आणि 1956 मध्ये ‘रिआस’ जाऊन ‘राडिओ’ आलं. म्हणजे ‘रिआस सिंफनी’ आणि ‘राडिओ-झ्युम्फोनी’ हे दोन वाद्यवृंद नव्हेत.

फ्रिचाईच्या बाबतीत मात्र सावध राहा. तो 1948 ते 1954 आणि पुन्हा 1959 पासून 1963 मध्ये मृत्यू येईपर्यंत या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. हंगेरियन संगीतकार बार्टोकची त्याची मुद्रणं इथलीच: ‘ब्लूबिअर्ड’ हा ऑपेराही आणि पियानोवादक गेझा आंडासोबतचे पियानो कॉन्चेर्टोही. पण त्याची बीथोव्हनची नववी आणि द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ फिलहार्मोनिकबरोबर झाली. माझं मत विचाराल तर बार्टोकमध्ये आजही त्याच्याजवळ कुणी फिरकत नाही, आणि त्याचं श्रेय या तरुण वाद्यवृंदाच्या लवचीकपणाला तितकंच जातं. पुढे माझेल (1964 ते 1975) आणि शायी (1982 ते 1989) आले. शायीची 1986 ची माहलरची दहावी सिंफनी याच वाद्यवृंदाची.

पूर्वेकडचे प्रमुख म्हणजे हर्मान आबेंडरोट, रोल्फ क्लायनर्ट आणि मग 1973 पासून 1993 पर्यंत हाइन्झ र्‍योग्नर. आबेंडरोटचं नाव दिसलं की लगेच बर्लिन समजू नका. त्याची कितीतरी मुद्रणं लाइपझिगच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबरची आहेत. र्‍योग्नरचं ब्रुकनर ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी आधी ते ऐकावं. मला ते अनेक गाजलेल्या संचांहून प्रिय आहे. ते ‘कुठल्यातरी बर्लिन रेडिओचं’ म्हणून बाजूला सारलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भिंत पडल्यावर एका शहरात एकाच भाषांतरित नावाचे दोन वाद्यवृंद समोरासमोर आले. 1993 मध्ये पश्चिमेच्या वाद्यवृंदाने नाव बदलून ‘डॉइचेस झ्युम्फोनी-ऑर्केस्टर’ केलं. पूर्वेच्याने आपलं नाव राखलं. त्यामुळे आज ‘बर्लिन रेडिओ सिंफनी’ म्हटलं की 1923 चा, सध्या व्लादिमिर युरोव्स्की ज्याचे प्रमुख आहेत तो वाद्यवृंद. जुन्या मुद्रणांना हा नियम लावला की फ्रिचाई पुन्हा पूर्वेत जाऊन बसतो. म्हणून नावाबरोबर संचालक आणि साल लिहाच.

1994 पासून दोन्ही वाद्यवृंद एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. तिच्यात डॉइचलांडराडिओ या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेचा वाटा 40 टक्के, केंद्र सरकारचा 35, बर्लिन राज्याचा 20 आणि तिथल्या प्रादेशिक प्रसारण संस्थेचा 5. 2009 मध्ये दोघांना एकत्र करण्याची कल्पना पुढे आली आणि विरोध झाल्यावर मागे घेतली गेली. आज दोघांच्या तालमी माझूरेनअलेवर होतात. पश्चिमेचा वाद्यवृंद जिथे तालीम करतो, त्या दालनाला फ्रिचाईचं नाव दिलेलं आहे.