समुद्रात बेपत्ता झालेल्या प्रवासी विमानाचा आंतरराष्ट्रीय शोध

समुद्रावर संपर्क तुटलेल्या प्रवासी विमानाचा अनेक देशांनी मिळून, आधी ठरलेल्या नियमांनुसार घेतलेला शोध. १९४४ च्या शिकागो कराराचे बारावे परिशिष्ट आणि १९७९ चा हॅम्बुर्ग करार हे त्याचे मुख्य आधार. जगातले समुद्र शोधक्षेत्रांत वाटून दिलेले आहेत. ज्या देशाचे क्षेत्र, त्याचे बचाव केंद्र सूत्रे हलवते. इतर देश जहाजे, विमाने व माहिती पुरवतात. नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडालेले विमान अरबी समुद्रावर हरवले, तर हालचाल मुंबईच्या केंद्रातून सुरू होईल आणि पाण्यावरच्या शोधाची धुरा तटरक्षक दलाकडे राहील. अपघाताची चौकशी ही वेगळी बाब. आंतरराष्ट्रीय पाण्यात ती विमानाची नोंदणी असलेल्या देशाकडे जाते.

अपेक्षित निरोप ३० मिनिटांत न आल्यास ‘अनिश्चितता’, मग ‘सावधानता’, शेवटी ‘संकट’ अशा तीन पायऱ्या असतात. कागदावर हे सरळ दिसते, पण घोळ होतो तो दोन देशांच्या हद्दीवर. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान एमएच ३७० मध्यरात्रीनंतर १:२१ च्या सुमारास नागरी रडारवरून नाहीसे झाले. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राने विचारणा केली १:३९ ला; क्वालालंपूरचे बचाव केंद्र कामाला लागले ५:३० ला. पुढचा आठवडाभर दक्षिण चीन समुद्रही धुंडाळला गेला. विमान पश्चिमेला वळल्याचे मलेशियाच्या लष्करी रडारवर मात्र उमटले होते. अशी नोंद शेजाऱ्याला दाखवणे म्हणजे आपले रडार कुठवर पाहू शकते हेही सांगणे. त्यामुळे देश हात आखडता घेतात. जहाजांच्या तुटवड्यापेक्षा ही अडचण मोठी. पुढे २६ देश शोधात उतरले. भारताने अंदमान समुद्रात नौदल व तटरक्षक दलाची जहाजे-विमाने पाठवली.

पृष्ठभागावर अवशेष दिसले, की वारा व प्रवाहाचा हिशेब उलटा लावून विमान कुठे पडले असेल ते काढतात. दिवस उलटतात तशी चूक वाढत जाते. रेडिओ संदेश खोल पाण्यातून वर येत नाही, म्हणून ब्लॅक बॉक्सला ३७.५ किलोहर्ट्झवर टिकटिकणारा ध्वनिदीप जोडलेला असतो. तो जेमतेम दोन-तीन किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. जुन्या दीपांची बॅटरी ३० दिवसांची, नव्यांची ९० दिवसांची. एमएच ३७० च्या एका दीपाच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती.

ऐकू न आलेल्या आवाजाचा अर्थ लावताना सर्वाधिक फसगत होते. १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या ठिकाणावरून पाण्याखालचा आवाज टिपणारी यंत्रे सुरुवातीलाच ओढून नेली होती. काही ऐकू आले नाही, म्हणून तो भाग बाजूला पडला. दीपच बंद असतील असे धरून शक्यता नव्याने मांडल्यावर, एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले.

तळाचा शोध सावकाश चालतो. आधी खोलीचा नकाशा, मग केबलने ओढलेला किंवा स्वयंचलित पाणबुडीवरचा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ पाहणारे यंत्र. दरी किंवा कड्याच्या आडोशाला पडलेला तुकडा सुटतो. त्या पट्ट्या वेगळ्या कोनातून पुन्हा घ्याव्या लागतात. एमएच ३७० साठी ऑस्ट्रेलिया, मलेशिया व चीन यांनी मिळून १,२०,००० चौरस किलोमीटर तळ तपासला, म्हणजे जवळजवळ आठ नाशिक जिल्हे. जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबला. २०१८ चा पुढचा शोध एका खासगी कंपनीने ‘सापडले नाही तर पैसे नाहीत’ या अटीवर घेतला, पण विमान मिळाले नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून महासागरावरच्या मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान विमान कंपनीने दर १५ मिनिटांनी नोंदवावे असा नियम आहे. संकटात आपोआप दर मिनिटाला स्थान कळवणारी यंत्रणा फक्त नव्याने बांधलेल्या मोठ्या विमानांना सक्तीची आहे.